मान हलली की जग हलतं

हे वाचताय तो मोबाईल स्थिर धरा आणि 'नाही नाही' म्हणतो तशी मान भराभर हलवा, अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मोबाईल तेवढ्याच वेगाने हलवून बघा, सगळं पुसट. असं का, तर डोकं हललं की आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना ते लगेच कळतं आणि साधारण १० मिलिसेकंदात डोळे बरोब्बर उलट्या दिशेला वळतात. नुसतं बघून हलत्या वस्तूचा पाठलाग करायचा तर डोळ्यांना याच्या दहापट तरी वेळ लागतो.

दोन्ही कानांतलं हे यंत्र बंद पडलं की माणूस चालायला लागला की समोरचं सगळं उड्या मारतं, पाट्या वाचता येत नाहीत, ओळखीचा चेहरा ओळखायला थांबावं लागतं. १९५२ साली एका डॉक्टरने स्वतःचाच अनुभव न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिला होता, स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकमुळे त्यांचा बॅलन्स गेला होता. पलंगावर पडून वाचताना नाडीच्या ठोक्याने डोकं जेवढं हलतं ना, तेवढ्यानेसुद्धा अक्षरं हलायची म्हणून ते पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं टेकवून वाचायचे! आजही जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनने असं होऊ शकतं, आणि माणसाच्या कानातल्या हालचाल टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की धड परत येत नाहीत.

मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की अशा पेशंटला गरगरतंच असं नाही, ऐकू नीट येऊ शकतं, चष्म्याचा नंबर बरोबर असतो, आणि मग घरचे म्हणतात टेन्शन घेतोस. खरंतर डॉक्टरने पेशंटला समोर बघायला सांगून त्याचं डोकं हातात धरून एकदम थोडंसं वळवलं तरी डोळे डोक्याबरोबरच वळून मग झटक्याने परत समोर येताना दिसतात, ही टेस्ट १९८८ पासून माहीत आहे आणि मशीनशिवाय होते.

तोल सांभाळायला मग उरतात डोळे आणि पायांची जाणीव. भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर ठेवून मान हलवायचा व्यायाम रोज केला तर मेंदू बऱ्यापैकी जुळवून घेतो, पण अंधारात, त्यात जमीन मऊ असेल तर दोन्ही आधार जातात. म्हणून रात्री उठायच्या वाटेवर लाईट हवाच, आणि पाण्याखाली एकट्याने अजिबात जाऊ नये, तिथे वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही.