विशेष घडणीची बेस गिटार

विशेष घडणीची बेस गिटार : एखाद्या वादकाच्या हाताची, कानाची किंवा कल्पनेची मागणी ओळखून एकेकटी घडवलेली, किंवा प्रचलित रूपापासून उघडपणे दूर गेलेली विद्युत् बेस गिटार. तारांची वाढीव संख्या, तिरपे पडदे, माथा नसलेली किंवा पीळ दिलेली मान, पडदेविरहित फ्रेटबोर्ड, दुर्मिळ लाकडांचे थर आणि असममित धड ही तिची ठळक लक्षणे. अशी वाद्ये जवळून पाहणे, त्यांची घडण वाचणे आणि तिला दाद देणे हीही एक रसिकता आहे. प्रस्तुत नोंदीत वाद्याइतकाच या रसिकतेचाही विचार केला आहे. नेहमीची चार तारांची बेस वाचकाला परिचित आहे असे धरले आहे.

वेगळेपण ज्या रूपाच्या तुलनेत मोजले जाते ते १९५१ मध्ये ठरले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस बाजारात आली. तिच्यात ३४ इंच (सु. ८६४ मिमी.) कंपनलांबीच्या चार तारा, २० पडदे, भरीव धड आणि स्क्रूने जोडलेली मान होती. त्याआधी, साधारण १९३५–३६ च्या सुमारास, सिएटल येथील पॉल टुटमार्क यांनी ऑडिओव्हॉक्स या नावाखाली पडदे असलेली, आडवी धरून वाजवण्याची भरीव बेस केली होती. म्हणून ‘पहिली’ हा मान काही अभ्यासक टुटमार्क यांना देतात. कालक्रमाने ते बरोबर आहे. मात्र तिच्यातून परंपरा निर्माण झाली नाही. पुढच्या कारागिरांनी ज्या रूपाशी वाद घातला ते फेंडर यांचेच होय.

त्या रूपातही एक गोष्ट तेव्हा विचित्रच होती : वरच्या बाजूचे पुढे आलेले लांब शिंग. लांब मान आणि टोकाला चार जड खुंट्या असलेले वाद्य पट्ट्यावर टांगले की त्याचा माथा जमिनीकडे झुकतो. पट्ट्याची खुंटी जितकी पुढे, म्हणजे बाराव्या पडद्याच्या दिशेने, सरकवावी तितका तोल सावरतो. ते शिंग हा या अडचणीवरचा उपाय आहे. पुढील सात दशकांतील बहुतेक चमत्कारिक आकारांच्या मुळाशी असाच एखादा शारीरिक प्रश्न सापडतो. तो ओळखता आला की त्या आकाराचे सौंदर्य दुप्पट होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तारांची संख्या व अग्रमानाचा वाद : पाच आणि सहा तारांची बेस प्रथम कोणी केली याविषयी एकमत नाही. याचे मुख्य कारण प्रश्नच नीट मांडला जात नाही. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५६ मध्ये सहा तारांची बेस काढली आणि फेंडरची बेस सिक्स १९६१ मध्ये आली. पण ही दोन्ही वाद्ये मुळात साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या गिटारच होत. त्यांच्या तारा जवळजवळ असतात, बोटांऐवजी मिझराबीने वाजवणे सोयीचे पडते आणि सर्वांत खालचा स्वर चार तारांच्या बेसच्या सर्वांत जाड तारेच्या, म्हणजे ई च्या, खाली जात नाही. फेंडरच्याच १९६५ मधील बेस फाइव्हला पाच तारा होत्या. मात्र पाचवी तार वरच्या बाजूची, सी ची होती आणि पडदे अवघे १५. तारा वाढल्या तरी खर्ज वाढला नाही.

ई च्याही खाली बी ची तार असलेल्या वाद्यांपुरता प्रश्न मर्यादित केला, तर दोन नावे समोर येतात. बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्या सांगण्यावरून कारागीर कार्ल टॉम्सन यांनी १९७५ मध्ये सहा तारांची (बी, ई, ए, डी, जी, सी) बेस घडवली. अलेम्बिक या कार्यशाळेने १९७६ मध्ये बेसवादक जिमी जॉन्सन यांच्यासाठी खालच्या बी सह पाच तारांची बेस केली. तारखांनुसार अग्रमान जॅक्सन–टॉम्सन यांच्याकडे जातो. असे असले तरी पाच तारांचे रूप जॉन्सन यांच्या वाद्यापासून सुरू झाले, असे मानणारा दुसरा पक्षही चुकीचा ठरत नाही, कारण पुढे सर्वत्र रूढ झाले ते हेच रूप.

जॅक्सन यांची भूमिका मात्र तारांच्या हिशेबापलीकडची होती. बेस गिटार हा गिटार कुलातला सर्वांत खर्जाचा सदस्य आहे, आणि त्या कुलाला सहा तारा असतात. चार तारा हा उभ्या डबल बेसवरून चालत आलेला योगायोग आहे, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी आपल्या वाद्याला कॉन्ट्राबेस गिटार म्हटले. पहिल्या वाद्यात तारांमधले अंतर अपुरे पडले. मग कारागीर केन स्मिथ आणि त्यानंतर ब्रुकलिन येथील फोडेरा या कार्यशाळेबरोबर त्यांनी अनेक वर्षे एकामागून एक वाद्ये करून घेतली. कंपनलांबी ३६ इंचांवर गेली, धडाची वरची खाच बुजवून मान धडात खोलवर रोवली गेली. आज अनेक महागड्या बेसवर दिसणारा, एकाच बाजूने कापलेला आकार मुख्यतः या मालिकेतून रूढ झाला. एकाच वादकाने एकाच कल्पनेचा इतका चिकाटीने पाठपुरावा केल्याचे उदाहरण या वाद्याच्या इतिहासात दुसरे नाही.

सात, नऊ, अकरा तारांची वाद्येही झाली. कॉन्क्लिन कार्यशाळेची नऊ आणि अकरा तारांची वाद्ये विशेष गाजली. १२ तारांची बेस वेगळ्या जातीची. हॅमर कंपनीने चीप ट्रिक या वाद्यवृंदातील टॉम पीटरसन यांच्यासाठी १९७८ मध्ये ती केली. तिच्यात बेसच्या प्रत्येक तारेसोबत एक सप्तक वर लावलेल्या दोन बारीक तारा असतात.

तिरपे पडदे : बी ची तार सर्वांना हवी होती, पण ती ढिली आणि गढूळ वाजे. कारण साधे आहे. तारेची कंप्रता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते आणि ताणाच्या वर्गमुळानुसार वाढते. ई ची कंप्रता सु. ४१·२ हर्ट्‌झ, बी ची सु. ३०·९ हर्ट्‌झ. तेवढीच लांबी आणि तेवढाच ताण ठेवायचा तर बी ची तार ई पेक्षा सु. १·७८ पट जड हवी. प्रत्यक्षात ०·१०५ इंच जाडीच्या ई शेजारी ०·१३० इंचाची बी लावतात. तिचे वजन दीडपटीच्या आसपास भरते. म्हणजे ताण साधारण १५ टक्के कमी पडतो. तार आणखी जाड केली तर ती काठीसारखी ताठ होते आणि तिचे वरचे स्वयंभू स्वर बेसूर होतात. लांबी ३४ वरून ३७ इंच केली तर मात्र त्याच तारेचा, त्याच सुरावरचा ताण सु. १८ टक्क्यांनी वाढतो आणि तूट भरून निघते.

अडचण अशी की ३७ इंचांवर वरची ‘जी’ स्वराची तार किरटी होते आणि हाताला पल्ला पुरत नाही. उपाय : खर्जाची तार लांब, वरची आखूड. मग प्रत्येक तारेचे पडदे तिच्या स्वतःच्या लांबीनुसार पडतात आणि ते जोडणाऱ्या रेषा पंख्यासारख्या पसरतात. एकच पडदा मानेला काटकोनात राहतो, बहुधा सातवा. त्याच्या एका बाजूचे पडदे माथ्याकडे झुकतात, दुसऱ्या बाजूचे घोडीकडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाद्य कोणीतरी मुरगळल्यासारखे वाटते. हातात घेतल्यावर कळते की पंजा मानेवर सरकताना बोटे आपोआप याच कोनांत वळतात.

ही कल्पना कोणाची? आधुनिक काळात तिचे श्रेय गिटार कारागीर राल्फ नोव्हॅक यांना मिळते. त्यांना १९८९ मध्ये पेटंट मिळाले. कॅनडातील सॅस्काटून येथील शेल्डन डिंगवॉल यांनी नोव्हॅक यांची पद्धत बेसवर आणून ३७ ते ३४ इंचांची मांडणी प्रचलित केली. परंतु १९०० मध्ये ई. ए. एडग्रेन यांच्या नावावर पसरत्या पडद्यांचे अमेरिकी पेटंट आढळते. त्याहूनही मागे गेले तर इंग्लंडमधील ऑरफेरियन हे धातूच्या तारांचे वाद्य आहे. फ्रान्सिस पामर याने १६१७ मध्ये केलेल्या ऑरफेरियनमध्ये पडदे आणि घोडी स्पष्टपणे तिरपे आहेत. त्याचे सगोत्र वाद्य बँडोरा हे लंडनच्या जॉन रोझ याने १५६२ च्या सुमारास निर्माण केल्याची परंपरा आहे; मात्र तिरप्या पडद्यांचे श्रेय थेट त्याला देणे धाडसाचे ठरेल. या वाद्यांपासून नोव्हॅकपर्यंत सलग परंपरा मानण्यास आधार नाही. खर्जाच्या तारेची तीच अडचण निरनिराळ्या काळी समोर आली आणि उत्तरही तेच निघाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

माथा काढून टाकणे : नेड स्टाइनबर्गर हे मूळचे फर्निचरचे अभिकल्पक. ब्रुकलिनमधील सुतारांच्या सहकारी कार्यशाळेत त्यांची गाठ स्टुअर्ट स्पेक्टर यांच्याशी पडली आणि १९७७ मध्ये त्यांनी स्पेक्टरसाठी एनएस–१ ही बेस रेखली. तिच्या धडाची पाठ वादकाच्या पोटाला बसेल अशी खोलगट होती. त्यानंतर त्यांनी तोलाचा प्रश्न मुळापासून सोडवला. माथाच जड आहे, तर तो हवाच कशाला? १९७९–८० च्या सुमारास आलेल्या त्यांच्या बेसला माथा नव्हता, खुंट्या घोडीत गेल्या होत्या आणि धड उरले होते वहीएवढे. सगळे वाद्य लाकडाऐवजी कार्बन व काचतंतूंनी बळकट केलेल्या एपॉक्सी या कृत्रिम राळेचे होते. तारांना दोन्ही टोकांना मणी असत. वरचा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागच्या खाचेत अडकवायचा, खालचा घोडीत, आणि बोटाने चकती फिरवून सूर लावायचा. १९८१ मध्ये या वाद्याला अमेरिकेतील औद्योगिक अभिकल्पकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला.

ताठ मानेचा आणखी एक लाभ झाला. लाकडी मानेच्या बेसवर, बहुधा ‘जी’ स्वराच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास, एखादा स्वर लवकर विझतो. तारेची कंप्रता मानेच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली की मान तारेतली ऊर्जा शोषून घेते. मान ताठ आणि माथा नाहीसा झाला की ही जुळणी कमी होते किंवा पट्टीबाहेर जाते. जेरोम लिटल यांनी टॉर्झल या नावाने केलेल्या पिळाच्या मानेचा हेतू मात्र वेगळा : फ्रेटबोर्ड माथ्याजवळ एका बाजूला आणि घोडीजवळ दुसऱ्या बाजूला कलतो, त्यामुळे दोन्ही मनगटे सरळ राहतात.

लाकूड आणि थर : हस्तघडणीच्या बेसचे आजचे देखणे रूप अलेम्बिकने घडवले. ही कार्यशाळा १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या सहवासात सुरू झाली आणि १९७२ च्या सुमारास बेसवादक जॅक कॅसडी यांच्यासाठी तिने पहिली पूर्ण बेस केली. तिथून दोन गोष्टी पसरल्या : वाद्यातच बसवलेले बॅटरीवरचे विद्युत् मंडल आणि अनेक लाकडांच्या थरांची, माथ्यापासून शेपटापर्यंत सलग जाणारी मान. सलग मान त्याआधी रिकनबॅकरच्या १९५७ मधील बेसमध्ये होती, पण तिचे नक्षीत रूपांतर झाले ते इथे.

अशी बेस पाहताना जाणकार ती उलटी करतात. पुढची बाजू बहुधा एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडलेली असते. दोन्ही पानांवरच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. ती शोभा आहे. कारागिरी मागे दिसते. मेपलच्या फिकट पट्ट्यांमध्ये वेंगे किंवा पर्पलहार्टच्या, कधी कागदाएवढ्या पातळ, गडद पट्ट्या सरळ धावतात. मान धडात शिरते तिथे पायरी नसते. अंगठा चोविसाव्या पडद्यापर्यंत कुठेही न अडखळता जातो. शेपटाकडच्या कडेवर प्रत्येक थराचा काप उघडा पडतो. तिथे सांध्यात नखाएवढीही फट नसेल, तर बाकीचे वाद्य न वाजवताही कारागिराविषयी खात्री पटते.

लाकडाने भरीव वाद्याचा नाद किती बदलतो हा वाद जुना आहे. तारेची लांबी, मानेचा ताठपणा आणि पिकअपची (तारांचे कंपन विद्युत् संकेतात बदलणाऱ्या भागाची) जागा यांचा परिणाम निश्चित व मोजता येण्याजोगा आहे. धडाच्या लाकडाचा त्यामानाने अल्प असावा, या मताकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. त्यामुळे सुंदर लाकडाची किंमत कमी होत नाही. लाकडांच्या उपलब्धतेवर मात्र कायद्याचा परिणाम झाला. २ जानेवारी २०१७ पासून, आधीच पहिल्या परिशिष्टात असलेले ब्राझिलियन रोझवूड वगळता, सर्व प्रकारचे रोझवूड आणि बुबिंगाच्या तीन जाती साइट्स या, धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. दरम्यान अनेक कारागीर इतर लाकडांकडे वळले.

वादकांनी बदललेली वाद्ये : विशेष घडण नेहमी कार्यशाळेतच होते असे नाही. बेसवादक जाको पास्टोरियस यांच्या १९६२ मधील फेंडर जॅझ बेसचे पडदे काढलेले होते. खाचा बुजवून फ्रेटबोर्डवर त्यांनी होड्यांना लावतात त्या एपॉक्सीचा कडक लेप दिला. गोल वेटोळ्यांच्या तारांनी लाकूड झिजू नये हा हेतू. परिणाम म्हणजे तो गाणारा, मींडेने वळणारा स्वर. १९८६ मध्ये चोरीला गेलेली ही बेस सुमारे दोन दशकांनी सापडली. द हू या वाद्यवृंदातील बेसवादक जॉन एन्टविसल यांनी १९६७ च्या सुमारास पाच मोडक्या प्रिसिजन बेसचे भाग जोडून एक वाद्य उभे केले आणि त्याला फ्रँकेन्स्टाइन नाव दिले. पुढे वॉरविक या कंपनीसाठी त्यांनी पक्ष्याच्या चोचीची बझर्ड बेस कल्पिली. कारागीर जो झॉन यांनी बेसवादक मायकेल मॅनरिंग यांच्यासाठी केलेल्या हायपरबेसवर तर वाजवता वाजवता खटके दाबून तारांची लावणी बदलता येते.

निव्वळ रंगमंचासाठी घेतलेल्या आकारांत बूट्सी कॉलिन्स यांची ताऱ्याची आणि जीन सिमन्स यांची कुऱ्हाडीची बेस प्रसिद्ध आहे. त्यांना कमी लेखण्याची प्रथा योग्य नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला वादक ओळखू येणे हीही वाद्याकडून केलेली मागणीच होय. एन्टविसल यांच्या निधनानंतर २००३ मध्ये त्यांचा संग्रह लंडनमध्ये सदबीजने लिलावात विकला, आणि फ्रँकेन्स्टाइनसह ही वाद्ये निरनिराळ्या मालकांकडे गेली.