मेगापिक्सेल जास्त म्हणून कॅमेरा भारी?
"जुना कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशातला छोटा कॅमेरा घेतोयस? मग मेगापिक्सेल बघ, भावा!" हा सल्ला कोल्हापुरात अजून फिरतोय. चुकीचा आहे. मेगापिक्सेल म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांची संख्या. संध्याकाळी गंगावेशीत अंधुक उजेडात कामाला येतो तो सेन्सरचा, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार. 2013 चा रिको जीआर 16 मेगापिक्सेलचाच, पण त्याचा एपीएस-सी (मोठ्या कॅमेऱ्यांत असतो त्या मापाचा) सेन्सर 20 मेगापिक्सेलवाल्या साध्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा साधारण 13 पट मोठा. झूम नाही, महाद्वार रोडच्या गर्दीत तो लागतोय कुठं? घेताना मात्र एफ/16 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढा. काळपट डाग दिसले तर आत सेन्सरवर धूळ बसलीय. या मॉडेलचं ते जुनं दुखणं, आणि पुसायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो.