पुण्यातल्या बागा आणि टेकडीवरच्या पायवाटा : कामं कशी ठरतात, पैसा कुठून येतो

पुणे महापालिकेकडे छोट्यामोठ्या मिळून दोनशेच्या वर बागा आहेत, शिवाय वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण टेकडी इथे रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर लोक चालायला जातात. यातलं कुठलं काम आधी करायचं आणि पैसे कुठून द्यायचे हे एका टेबलावर ठरत नाही. महापालिकेचं बजेट, नगरसेवकांची 'स' यादी, वनखातं, खासदार-आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) असे सगळे तुकडे आहेत, त्यामुळे लोकांना वाटतं की आपल्या हातात काहीच नाही. तसं नाहीये, थोडं तरी आहे.

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बारावी अनुसूची आली आणि त्यात उद्यानं, बागा, मैदानं हा विषय शहरांच्या स्थानिक संस्थांच्या कामांत धरलाय. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांचा बजेटमध्ये सहभाग सुरू झाला. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ला जे सुरू झालं त्याच धर्तीवर, पण इथलं रूप बरंच छोटं आहे, लोकांनी मतदान करून कामं निवडायची असं नाही. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचा, एका कामाला साधारण ५ लाखांपर्यंतची मर्यादा, काम सार्वजनिक जागेतलं हवं, सोसायटीच्या आतलं चालत नाही. फॉर्ममध्ये रस्ते, फुटपाथ, दिवे, ड्रेनेज यांच्याबरोबर उद्यानं पण असतात. मग इंजिनीअर बघतात, प्रभाग समितीत चर्चा होते, आणि पुढे जे टिकतं ते बजेटमध्ये जातं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासक होते, त्या काळात तर सूचना पोचवायला हा फॉर्म जास्तच महत्त्वाचा होता.

५ लाखात बाग उभी राहत नाही हे खरं, पण गेटवरचा रॅम्प, तुटलेले झोपाळे, पिण्याच्या पाण्याचा नळ, बंद पडलेलं टॉयलेट, पावसात तळं होणारा वॉकिंग ट्रॅकचा एक पट्टा ही कामं होऊ शकतात आणि रोज येणाऱ्या आजीआजोबांना नेमकी हीच लागतात. 'बागेचा विकास करावा' असं लिहिलेली सूचना इंजिनीअरला मोजताच येत नाही आणि बाजूला पडते. जागा नक्की कुठली, काम कुठलं, फोटो, शक्य झालं तर शेजारच्या चार-पाच लोकांनी तीच सूचना वेगवेगळी भरलेली, असं केलं तर नाकारायला कारण कमी उरतं.

'स' यादी म्हणजे नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं. इथे एक शब्द माहीत हवा, वर्गीकरण. एका कामाला ठेवलेला पैसा वर्षात खर्च झाला नाही की तो दुसऱ्या कामाकडे वळवतात, आणि वर्षाअखेरीला पटकन संपणारी कामं म्हणजे पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, बाकडी. माळी, पाणी, छाटणी, दुरुस्ती यांचं उद्घाटन होत नाही म्हणून त्यांना कायम कमी मिळतं, आणि माझ्या मते आपल्या बागांचं खरं दुखणं हेच आहे. सीएसआरचंही तसंच. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, त्यातून बाग सजते, पण पाच वर्षांनी पंप कोण दुरुस्त करणार हे करारात लिहून घ्यायला हवं.

टेकड्यांचं गणित वेगळं आहे कारण आधी जमीन कोणाची हेच बघावं लागतं. काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खाजगी. महापालिकेत नंतर समाविष्ट झालेल्या गावांमधल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, ज्याला बीडीपी म्हणतात, सरकारने २०१५मध्ये त्याच्या मोबदल्याला ८ टक्के टीडीआर (म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) ठरवला, जमीनमालकांना तो कमी वाटतो, म्हणून जागा ताब्यात येत नाहीत आणि ताब्यात नसलेल्या जागेवर पालिका खर्च करू शकत नाही. वनजमिनीवर मात्र वारज्याचं उदाहरण चांगलं आहे, तिथे वनखातं, संस्था आणि लोकांनी मिळून वनउद्यान उभं केलं आणि २०२०मध्ये केंद्राने शहरांत वनं उभी करायची नगरवन योजना जाहीर केली तेव्हा तेच उदाहरण पुढे ठेवलं. त्या योजनेला पैसा कॅम्पा निधीतून, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या भरपाईसाठी जमा होणाऱ्या पैशातून मिळतो.

टेकडीवर सगळ्यात गरजेचं काम बहुतेक वेळा सगळ्यात कमी बांधकामाचं असतं. पावसाचं पाणी पायवाटेवरून धावतं आणि माती नेतं, मग लोक कडेने चालतात, वाट रुंद होत जाते, गवत मरतं. पाणी आडवं वळवणारे दगड, छोटे चर, आणि फुटलेल्या आडवाटा काही काळ बंद ठेवणं, एवढ्याने खूप फरक पडतो. काँक्रीटच्या पायऱ्या आणि दिवे हे सुधारणेच्या नावाखाली येतात तेव्हा विरोध करायलाच हवा. एप्रिल २०२३मध्ये वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, म्हणजे लोकांना टेकडी टेकडीच हवी आहे हे पुरेसं स्पष्ट आहे.

बजेट छापून आलं की आपलं काम कुठल्या लेखाशीर्षाखाली (बजेटमधल्या खर्चाच्या नंबराखाली) आहे ते शोधून ठेवावं, तो नंबर हातात असेल तर टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर कधीची, दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषाची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ) किती हे क्षेत्रीय कार्यालयात विचारता येतं, उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, आणि त्या कालावधीत फरशी उखडली तर ठेकेदाराने ती स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची असते.