प्रतिबंधात्मक स्थानबद्धता

घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून नव्हे, तर पुढे काही घडू नये म्हणून एखाद्याला खटल्याविना तुरुंगात ठेवण्याची कारवाई. भारतात ही मुभा युद्धकाळापुरती नाही. ती शांततेच्या काळातही आहे आणि तिचा उल्लेख संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या भागातच येतो. अटकेची कारणे कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाणे, हे हक्क कलम २२ चे पहिले दोन खंड देतात. तिसरा खंड स्थानबद्धाला ते नाकारतो. त्याच्या वाट्याला खंड ४ व ५ उरतात : सल्लागार मंडळाने (उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेल्यांचे मंडळ) पुरेसे कारण असल्याचे म्हटल्याशिवाय तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद नाही, कारणे शक्य तितक्या लवकर कळवायची आणि आदेशाविरुद्ध निवेदन करण्याची संधी लगेच द्यायची. हा तीन महिन्यांचा काळ दोनवर आणणारी ४४ व्या घटनादुरुस्तीतील (१९७८) तरतूद आजवर अमलात आणलेली नाही.

केंद्राचे राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम (१९८०), परकीय चलन व तस्करीसंबंधीचा कोफेपोसा (१९७४) असे कायदे आहेत. महाराष्ट्रात मात्र रोजच्या वापरातला कायदा १९८१ चा ‘एमपीडीए’. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले व अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्या धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठी तो झाला. पुढे त्यात धोकादायक व्यक्ती, व्हिडिओ पायरेट, वाळूतस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचे काळाबाजारवाले आले.

पोलीस ठाण्यातून निघालेला प्रस्ताव वरिष्ठांमार्फत पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्यात दाखल गुन्ह्यांबरोबर बहुधा ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन साक्षीदारांचे गोपनीय जबाब असतात. भीतीपोटी उघडपणे बोलायला कोणी तयार नाही, असे त्यांवरून दाखवले जाते. आदेश निघाल्यापासून १२ दिवसांत राज्य शासनाची मान्यता आली नाही, तर तो संपुष्टात येतो. पुढच्या मुदती मात्र आदेशाच्या नव्हे, प्रत्यक्ष स्थानबद्धतेच्या तारखेपासून मोजायच्या : कारणे ५ दिवसांत, प्रकरण सल्लागार मंडळापुढे ३ आठवड्यांत, मंडळाचा अहवाल ७ आठवड्यांत, कमाल मुदत १२ महिने. आरोपी फरार असेल तर या दोन तारखांत मोठे अंतर पडते, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात. मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क नाही. तथापि शासनाने वकील उभा केला, तर स्थानबद्धालाही तो द्यावा लागतो, असे ए. के. रॉय खटल्यात (१९८२) ठरले.

अशा आदेशाला उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिकेने (बेकायदा कैदेतून सुटकेसाठीची याचिका) आव्हान दिले जाते. न्यायालय पुराव्याचे वजन करीत नाही. अधिकाऱ्याचे समाधान व्यक्तिनिष्ठ मानले जाते. त्यामुळे बहुतेक आदेश टिकतात किंवा पडतात ते कागदांवर आणि तारखांवर. शेवटची घटना आणि आदेश यांत विनाखुलासा काही महिने गेले, तर त्यांतला जिवंत दुवा तुटला असे म्हणतात. किती दिवस म्हणजे विलंब, याचा ठराविक आकडा नाही. खुलासा आहे की नाही हे पाहिले जाते. जामिनाचा आदेश अधिकाऱ्यापुढे ठेवलाच नाही, गोपनीय जबाबांची वरिष्ठाने केलेली पडताळणी कागदोपत्री नाही, दिलेल्या छायाप्रती वाचताच येत नाहीत, हे दोष वरचेवर आढळतात. निवेदन मंत्रालयातल्या टेबलांवर पडून राहणे हा आणखी एक. भाषेचा दोष सर्वांत जुना. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या नागपूरच्या प्रकरणात कारणे इंग्रजीत दिली आणि पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावली. स्थानबद्धाने हिंदी प्रत मागितली होती, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी भाषांतर अपुरे ठरवून त्याची सुटका केली. संतोष शंकर आचार्य खटल्यामुळे (२०००) एमपीडीएत आणखी एक अट आली : शासनाची मान्यता येईपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही निवेदन करता येते, हे स्थानबद्धाला सांगितलेच पाहिजे. एवढे एक वाक्य राहून गेल्याने आदेश रद्द होतात.

कागदांपलीकडचा खरा वाद ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चा. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पिली : सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोघांतली मारामारी पहिल्या वर्तुळातच राहते. तिने वस्तीचे जनजीवन विस्कळीत झाले तरच दुसरे गाठले जाते. गल्लीत चाकू दाखवून पैसे हिसकावले, लोक पळाले, दुकाने बंद झाली, असा मजकूर प्रस्तावांत इतक्या ठरावीक शब्दांत येतो की तो संशयानेच वाचावा.

विद्यार्थी सहसा गोपालन (१९५०), मनेका गांधी (१९७८) आणि आणीबाणीतला एडीएम जबलपूर (१९७६) हे निकाल वाचतात. शेवटच्यात, आणीबाणीत स्थानबद्धांना हेबियस कॉर्पस मागता येणार नाही असे बहुमताने ठरले; न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते. तो निकाल २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात मोडीत निघाला. हे वाचावेच, पण विषय अंगवळणी पडतो तो उच्च न्यायालयाचे साधे निकाल हाती घेऊन. प्रत्येकासाठी तारखांचा तक्ता करावा : शेवटचा गुन्हा, जामीन, जबाब, पडताळणी, प्रस्ताव, आदेश, बजावणी, मान्यता, निवेदन पाठवले, मिळाले, निकाली काढले. शासनाच्या बाजूच्या शपथपत्रात ज्या रकान्याचा खुलासा नाही, तिथेच बहुधा मुद्दा सापडतो.

आदेश रद्द झाला तरी मूळ गुन्ह्यांचे खटले चालूच राहतात, आणि त्यांत जामीन नसेल तर सुटका होत नाही. पुन्हा स्थानबद्ध करायचे असल्यास नवी कृत्ये दाखवावी लागतात.