झाडांखालचं ऊन रंगवायला निघण्यापूर्वी

तुम्ही घेतलेला आउटडोअर बॉक्स, म्हणजे बाहेर बसून चित्र रंगवायची पेटी, कसा उघडायचा, त्याचे पाय कसे आवळायचे, याच्या आकृत्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावलेल्या आहेत. हे पत्रक त्यापुढचं आहे. आमच्याकडून साहित्य नेणारे बरेच जण पुन्हा भेटले की एकच गोष्ट विचारतात: झाडांखाली चित्र काढायला बसलं की ऊन भराभर बदलतं, त्याला गाठायचं कसं? आमचं उत्तर ठाम आहे. गाठायला जाऊच नका. पहिल्या दहा मिनिटांत उजेड आणि सावली यांची मांडणी कागदावर पक्की करा, आणि समोर काहीही बदललं तरी चित्रात ती हलवू नका.

कवडसे किती वेगानं सरकतात

सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो आणि त्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं. म्हणजे साधारण २ मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. झाडाखालचे गोल कवडसे म्हणजे पानांमधल्या बारीक फटींतून जमिनीवर पडलेल्या सूर्यबिंबाच्या प्रतिमाच असतात. म्हणून फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल दिसतो आणि खंडग्रास ग्रहणात त्याच जागी चंद्रकोरी उमटतात. सूर्य हलला की तेही हलतात, तेवढ्याच घाईनं. २० मिनिटांच्या स्केचमध्ये एखादा कवडसा स्वतःच्या दहापट अंतर ओलांडून गेलेला असतो. तेव्हा एकेक कवडसा बघून टिपण्याचा हट्ट फुकट आहे.

त्याऐवजी दोन गोष्टी बघा. पहिली, आकारमान. १० मीटर उंचीवरच्या बारीक फटीतून पडलेला कवडसा साधारण ९ सेंटिमीटरचा असतो; त्याच्या कडा विरलेल्या आणि उजेड मंद. डोक्याजवळच्या फांदीतून आलेला लहान, कडक कडांचा आणि लख्ख. एकाच पायवाटेवर दोन्ही शेजारी पडलेले दिसतील. सगळे एका ब्रशनं, एकाच जोरानं उमटवले तर जमीन ठिपक्यांच्या कापडासारखी दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. पायाशी असलेले कवडसे बरेचसे गोल, थोडे दूरचे चपटे, आणि वाटेच्या टोकाचे तर नुसत्या आडव्या रेघा. त्या आडव्या रेघांमुळेच चित्रात जमीन आडवी पडते. बुंध्यावर चढलेला कवडसा मात्र खोडाच्या गोलाईनुसार वाकतो. तो एक जरी नीट साधला तरी खोडाला वेगळं शेडिंग फारसं लागत नाही.

पहिली दहा मिनिटं

रंग नंतर. आधी बॉक्ससोबतच्या छोट्या वहीत मऊ पेन्सिलीनं तळहाताएवढी चौकट आखा, डोळे किलकिले करा आणि फक्त तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, भरा: ऊन, सावली आणि दोन्हींच्या मधलं. सावलीच्या कडा पुसट बाह्यरेषेनं चित्राच्या बोर्डवर उतरवा आणि वहीत वेळ लिहून ठेवा. काम अपुरं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तसंच निरभ्र आकाश असताना पुन्हा बसता येतं.

सकाळ-संध्याकाळी घाई आणखी वाढते. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना झाडाची सावली उंचीच्या पावणेतीनपट असते. १० अंशांवर उतरला की ती साडेपाचपटीच्या पुढे जाते. म्हणून बॉक्सच्या खाचांत आम्ही एकाऐवजी ६ × ८ इंचांचे तीन बोर्ड दिले आहेत. उजेड पुरता बदलला की पहिला बोर्ड खाचेत सरकवा आणि दुसरा घ्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९१ मध्ये फ्रान्समधल्या एप्त नदीकाठची पॉप्लरची झाडं याच रीतीनं रंगवली. सोबत अनेक कॅनव्हास असत आणि ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा.

हिरवा रंग

बॉक्समध्ये हिरव्याची एकच ट्यूब आहे, व्हिरिडियनची, आणि ते मुद्दाम केलं आहे. तयार हिरवे हाताशी असले की सगळी पानं एकसारखी होतात. पानाच्या पाठीमागून ऊन आलं तर ते पिवळट, उबदार दिसतं: लेमन यलोमध्ये किंचित व्हिरिडियन पुरतं. तेच पान वरून बघितलं तर त्यावर आकाशाची निळसर चकाकी असते, तिथे थोडा पांढरा आणि अल्ट्रामरिन हा गडद निळा. गर्द सावलीसाठी काळा वापरू नका. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करून बघा, अंधार जिवंत राहतो. झाडाखालच्या सावलीत पानांचा हिरवेपणा उतरलेला असतो, तर मोकळ्यावरच्या सावलीत आकाशाचा निळा. हा फरक जागेवर बसूनच दिसतो; फोटोत बहुधा दोन्ही सावल्या सारख्याच काळवंडतात.

जलरंगांत कवडशांसाठी कागद कोरा राखावा लागतो. पहिल्या फिक्या, उबदार वॉशवर (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थरावर) सावलीचा दुसरा वॉश द्या आणि कवडशांच्या जागा सोडत जा. तैलरंगांत उलटं: गडद भाग पातळ, उजेड शेवटी आणि जाड. ॲक्रिलिक वाऱ्यावर झपाट्यानं वाळतं, पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारा.

बसायची जागा

चित्र आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. कागदावर थेट ऊन असेल तर रंग उजळ भासतात, आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळं पडलेलं दिसतं. बॉक्सचं झाकण त्यासाठीच दोन बाजूंना वळतं. छत्री लावलीत तर पांढरी किंवा करडी लावा. रंगीत छत्रीची झाक थेट चित्रावर उतरते. अंगात गडद रंगाचा शर्ट बरा, पांढऱ्याची चमक ओल्या तैलरंगावर पडते.

ओले बोर्ड खाचांत ठेवताना रंगवलेल्या बाजू एकमेकींकडे येऊ देऊ नका. तैलरंगांचे बोर्ड घरी पोचताच बाहेर काढून उभे ठेवा. बंद पेटीत ते आठवडाभरही ओले राहतात. बिजागऱ्यांना वर्षातून एकदा तेलाचा थेंब पुरतो. पायांचे स्क्रू सैल झाले, खाच फुगली किंवा झाकण नीट बसेना, तर बॉक्स आमच्याकडे आणून द्या, आम्ही दुरुस्त करून देऊ.