पत्र्याच्या आतलं कापड

२७ जुलै १३६१. बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर, विस्बी शहराच्या तटाबाहेर, डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चौथा याच्या फौजेने बेटावरच्या शेतकऱ्यांच्या जमावाचा धुव्वा उडवला. दिवस उन्हाळ्याचे आणि मेलेल्यांची संख्या मोठी, त्यामुळे पुरणाऱ्यांनी प्रत्येकाच्या अंगावरचं चिलखत उतरवत बसायचा खटाटोप केला नसावा. बरीच प्रेतं होती तशीच खड्ड्यांत गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीनेक दशकांत हे खड्डे उकरले गेले तेव्हा अकराशेहून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. त्यांच्यासोबत लोखंडी कड्यांच्या जाळीच्या टोप्या, लोखंडी हातमोजे आणि पंचवीसेक 'पत्र्यांचे कोट' सापडले. बेंग्ट थॉर्डेमान या स्वीडिश पुरातत्त्वज्ञांनी १९३९-४०मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल छापला. युरोप-अमेरिकेत आज जो हौशी माणूस चौदाव्या शतकातल्या नाइटचा साज जमवायला बसतो, तो छातीसाठी पुष्कळदा याच अहवालातला एखादा कोट निवडतो. कोट क्रमांकाने ओळखले जातात, आणि कोणी कोणत्या क्रमांकाची नक्कल केली यावर या मंडळींमध्ये तासन्‌तास खल चालतो.

यातली गंमत अशी की विस्बीला मेलेले बहुतेक लोक नाइट नव्हतेच. त्यांच्या अंगावरची काही चिलखतं तर १३६१मध्येही जुनाट झालेली होती. ऐन युद्धात आजोबांच्या काळातला कोट घालून उतरलेल्या शेतकऱ्याची नक्कल आज शूर सरदार म्हणून मिरवली जाते. पण इलाज नाही. चौदाव्या शतकातलं डोक्यापासून पायापर्यंतचं, एकाच माणसाचं, सगळं जागच्या जागी असलेलं चिलखत आज कुठेही शिल्लक नाही. जे आहे ते तुकड्यांत आहे, आणि त्या तुकड्यांमध्ये मोठी उणीव एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे कापडाची.

विस्बीच्या कोटाचंच पाहा. तो मुळात कापडाचा किंवा कातड्याचा. लोखंडी पट्ट्या आतून लावायच्या आणि बाहेरून रिवेट मारून जखडायच्या. साडेपाचशे वर्षांत कापड मातीत गेलं. उरल्या गंजलेल्या पट्ट्या आणि त्यांच्यातली रिवेटची भोकं. पट्ट्या कशा रचल्या होत्या, कोट पाठीवर बंद व्हायचा की खांद्यावर, हे सगळं त्या रिवेटांच्या ओळींवरून ताडावं लागलं. चिलखताखाली घालायची बंडी कशी होती, तिच्यात किती थर होते, यावर मात्र खड्डे काहीच बोलत नाहीत.

तुकडे जमवून माणूस उभा करण्याचं काम संग्रहालयांनीही केलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला शस्त्रास्त्र विभाग ज्यांनी उभारला ते बॅशफर्ड डीन पेशाने मत्स्यशास्त्रज्ञ. ग्रीसमधल्या खाल्किस इथे व्हेनिसच्या ताब्यातला किल्ला होता. तो १४७०मध्ये तुर्कांनी जिंकला. तिथे १८४०मध्ये चिलखतांच्या तुकड्यांचा ढीग सापडला होता. त्यातले बरेच डीन यांनी मिळवले, वेगवेगळे भाग जुळवले, जे नव्हतं ते नवं घडवून घेतलं आणि सुमारे १४००च्या काळाचा एक योद्धा उभा केला. आजचा हौशी माणूस घरी बसून जे करतो तेच हे. याच डीन यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी शिरस्त्राणांचे नमुने तयार केले, आणि ते घडवायला संग्रहालयातलाच लोहार हाताशी होता.

जुन्या चिलखतांचा सगळ्यात श्रीमंत ठेवा मात्र किल्ल्याबाहेर फारसा गेला नाही. उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोलमधल्या चुरबुर्ग किल्ल्यात माट्श घराण्याची आणि नंतर ट्राप घराण्याची शस्त्रशाळा जशीच्या तशी राहिली. चौदाव्या शतकाच्या शेवटची, पितळी किनार लावलेली एक छाती, म्हणजे छातीवरचं कवच, तिथे आहे. या छंदातली निम्मी महागडी चिलखतं तिच्यावरून बेतलेली असतात. तिथूनच बाहेर पडलेलं, मिलानमध्ये सुमारे १४४०ला घडलेलं 'अव्हाँ' चिलखत आज ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आहे. जवळजवळ पूर्ण अशा जगातल्या सर्वांत जुन्या चिलखतांत त्याची गणना होते. पण तिथेही पुन्हा तेच: लोखंड आहे, त्याखालचे कपडे नाहीत.

दुसरा आधार थडग्यांवरच्या पुतळ्यांचा. इंग्लंडचा युवराज एडवर्ड, ज्याला 'ब्लॅक प्रिन्स' म्हणतात, १३७६मध्ये वारला. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा धातूचा पुतळा पूर्ण चिलखतात आडवा आहे. थडग्यावर त्याचं शिरस्त्राण, सोनेरी मुलाम्याचे हातमोजे आणि चिलखतावरून घालायचा मखमली, आत भरण घालून टाके मारलेला अंगरखाही टांगलेला होता. मूळ वस्तू आता जपून ठेवल्या आहेत. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमधला रिचर्ड बोशांप याचा पंधराव्या शतकाच्या मध्याचा पुतळा तर आणखी उपयोगी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स स्टॉथर्ड या चित्रकाराने तो उलटवून पाहिला तेव्हा कळलं की कारागिराने पाठीकडचे पट्टे आणि बकलंसुद्धा तंतोतंत कोरलेत. जी बाजू जमिनीकडे राहणार, कुणाला कधी दिसणार नाही, तीही.

स्टॉथर्डच्या काळातच हौसेला उधाण आलं. सॅम्युअल रश मेरिक यांनी १८२४मध्ये जुन्या चिलखतांचा पहिला चिकित्सक अभ्यास छापला आणि पुढे टॉवर ऑफ लंडनमधल्या संग्रहाची कालक्रमाने मांडणी करून दिली. त्याआधी तिथे राजांच्या नावाने भलत्याच काळाची चिलखतं घोड्यांवर बसवलेली असत. मग ऑगस्ट १८३९मध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या अर्लने खऱ्याखुऱ्या भाल्यांच्या द्वंद्वांचा सोहळा घातला. लंडनच्या सॅम्युअल प्रॅट या व्यापाऱ्याने चिलखतं पुरवली. काही जुनी, काही डागडुजी केलेली, काही चक्क नव्याने बनवून जुनी म्हणून खपवलेली. हजारो लोक लोटले आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की मैदानाचा चिखल झाला. सरदारांच्या डोक्यावर छत्र्या धरलेली व्यंगचित्रं ब्रिटनभर फिरली. नंतर फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही या सोहळ्यात होता.

पावसावर सगळे हसले, पण खरं नुकसान वेगळंच झालं. या पिढीने पत्रा पाहिला, विकत घेतला, अंगावर चढवला. त्याखाली काय होतं याची चौकशी केली नाही. नेहमीच्या कोटावर चिलखत बांधलं की ते खांद्यावरून लोंबतं, काखेत रुततं आणि माणूस खरंच लाकडाच्या ओंडक्यासारखा चालतो. नाइटला घोड्यावर चढवायला यारी लागायची ही लोणकढी थाप याच मातीत रुजली. फ्रान्सचा मार्शल बूसिको याच्या त्याच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात वेगळंच चित्र आहे: अंगावर चिलखत असताना तो कोलांटी मारायचा आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी वर चढायचा. चरित्रकार कौतुकात वाहवला असेल असं धरलं तरी यारीची गरज नक्कीच नव्हती. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये छापलेल्या प्रयोगात प्रतिकृतीची चिलखतं घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं. चालताना शक्ती दुपटीहून थोडी जास्त आणि धावताना जवळजवळ दुप्पट खर्च होते असं दिसलं. कारण नुसतं एकूण वजन नव्हे. पायांवरचं लोखंड प्रत्येक पावलाला झुलवावं लागतं आणि आवळलेल्या छातीमुळे श्वास उथळ होतो.

आजच्या छंदाचा जन्म मात्र संग्रहालयात झाला नाही, परसदारी झाला. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये काही मित्रांनी एका घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन जत्रा भरवली. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम' ही संस्था उभी राहिली. वेताच्या तलवारींनी लढायचं, पण मार खरा. सुरुवातीची शिरस्त्राणं फ्रीजमधल्या गॅसच्या रिकाम्या टाक्या कापून केलेली, आणि अंगावर गालिच्याचे तुकडे. हसू येईल, पण या लोकांनी मेरिकच्या पिढीला न सुचलेला प्रश्न विचारला: यात दिवसभर वावरता येतं का? युरोपात सुरुवात जुन्या घटनांच्या मूळ जागांवरूनच झाली. विस्बीत १९८४पासून दर ऑगस्टमध्ये मध्ययुगीन सप्ताह भरतो. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डच्या मैदानावर १४१०ची लढाई दर जुलैत पुन्हा लढली जाते. मागच्या पंधरा-सोळा वर्षांत पूर्व युरोपातून आलेला बुहुर्ट हा पोलादी, बोथट शस्त्रांचा सांघिक खेळही फोफावला आहे. त्याची चिलखतं दिसायला मध्ययुगीन, पण जाडीने आणि मजबुतीने खेळासाठी घडवलेली. ती वेगळी जात. दोन्हींची गल्लत केली की पैसे पाण्यात.

कापडाचा धागा अखेर सापडला तो दोन ठिकाणी. फ्रान्समध्ये लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात ब्रिटनी प्रांताच्या शार्ल द ब्लुआ या सरदाराची म्हणून जपलेली रेशमी बंडी आहे. शार्ल १३६४मध्ये ओरेच्या लढाईत मारला गेला; लोकांनी त्याला संत मानलं, म्हणून त्याचं कापड अवशेष म्हणून टिकलं. तिचा बेत नीट पाहण्यासारखा आहे. बाही खांद्याच्या टोकाला जोडलेली नाही. तिचा घेर छातीत आणि पाठीत खोलवर शिरतो, थाळीएवढा गोल कापून. त्यामुळे हात डोक्यावर नेला तरी बंडी कमरेतून वर ओढली जात नाही. कंबर घट्ट, छाती भरलेली. आतल्या बाजूला पायमोजे बांधायच्या नाड्या. ज्याने ही बंडी नीट पाहिली त्याला नाइटच्या चिलखताचं वजन कमरेवर कसं जातं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पायांचं लोखंडही अशाच कमरेत आवळलेल्या बंडीला बांधून पेलायचं असतं.

दुसरं ठिकाण म्हणजे सर जॉन अ‍ॅस्टली याच्या संग्रहातलं, पंधराव्या शतकाच्या मध्याचं एक इंग्रजी हस्तलिखित. आता ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असतं. पायी द्वंद्व लढणाऱ्याला सज्ज कसं करायचं याच्या त्यात सूचना आहेत. सदरा घालायचा नाही. जाड सुती कापडाची, आतून साटिन लावलेली आणि भोकं पाडलेली बंडी घालायची. काखेत आणि कोपराच्या खळगीत, जिथे पत्रा पोचत नाही, तिथे बंडीवरच कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवायचे. चिलखत बांधायच्या नाड्या आडव्या धनुष्याच्या (क्रॉसबोच्या) दोरीसाठी वापरतात तशा सुताच्या, मोच्याच्या मेणाने घासलेल्या. म्हणजे त्या ताणणार नाहीत आणि तुटणारही नाहीत. गुडघ्याला घोंगडीची पातळ पट्टी, कातडं सोलू नये म्हणून. बांधणी पायापासून सुरू करून वर जायचं. यात एक बारकावा भारी आहे. पावलांवरचे पत्रे बुटाला बारीक, सहज तुटतील अशा नाड्यांनी बांधायचे. बाकी सगळ्या नाड्या न तुटणाऱ्या, एवढ्याच तुटणाऱ्या. पत्रा कशात अडकला तर नाडी जावी, माणूस पडू नये, हे कारण कुणालाही ओळखता येईल. सोबत मैदानावर न्यायच्या सामानाची यादीही आहे: तंबू, खुर्ची, पाव, दारू, हातोडी, पकड, लहान ऐरण, डझनभर खिळे. पाचशेहून जास्त वर्षांनी या छंदातल्या जाणत्यांच्या गाडीत हीच यादी सापडते, दारूसकट.

या दोन साक्षीदारांनी खरेदीचा क्रमच उलटा केला. पूर्वी नवखा माणूस आधी शिरस्त्राण घ्यायचा, मग छाती, आणि आत काहीतरी जाडंभरडं. आता जाणते सांगतात, साल ठरव, प्रदेश ठरव, मग आधी बंडी शिवून घे आणि ती घालून माप दे. १३६०चं शिरस्त्राण आणि १४५०ची छाती एकत्र घातलेला माणूस जत्रेत चालतो, चांगल्या हौशी संघात चालत नाही. नव्या जुन्याची थोडी सरमिसळ मात्र खपते, कारण ती तेव्हाही होती. फ्रान्चेस्को दातिनी हा इटलीतल्या प्रातोचा व्यापारी चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या अविन्योंमधून शस्त्रं आणि चिलखतं विकायचा. त्याची प्रचंड दप्तरं प्रातोत सुरक्षित आहेत. तयार माल सुटा मिळायचा, मिलानहून यायचा आणि ज्याच्या खिशात जेवढं असेल तेवढं तो घ्यायचा.

राहिलं कड्यांचं चिलखत, आणि इथे गोष्ट भारतात येते. जगभर विकलं जाणारं स्वस्त तयार कड्यांचं चिलखत बरंचसं आपल्याकडून जातं. डेहराडून आणि रुरकी भागातले कारखाने प्रतिकृतींची शस्त्रं, शिरस्त्राणं, चिलखतं परदेशी पाठवतात. जुन्या युरोपीय चिलखतात प्रत्येक कडी रिवेटने बंद केलेली असे, किंवा एक ओळ रिवेटची आणि एक सलग ठोकून काढलेली. नुसती टोकं जुळवून मिटवलेल्या कड्या दोन-चार मोसमांत सुटायला लागतात, म्हणून आता बहुतेक संघ त्या चालवून घेत नाहीत. चपट्या कडीला पाचरीसारखा रिवेट मारलेला माल हवा असतो, आणि तो मिळतोही. अडचण राहते ती बेताची. तयार सदरा चौकोनी पोत्यासारखा विणलेला असतो, काखेत कड्यांचा गठ्ठा आणि कमरेत ढगळ. जुन्या विणकरांनी शिंप्यासारखं काखेत वाढवलं आहे, कमरेत घटवलं आहे. म्हणून घेतलेला सदरा घरी उसवायचा, काखेतल्या शंभर-दोनशे कड्या काढायच्या, नवीन रिवेट ठोकून पुन्हा जोडायचं. हे काम ज्याला जमलं त्याची आणि शिंप्याची मग चांगली गट्टी होते, कारण त्याआधी बंडी तयार असावीच लागते.