होमवेदी आणि धूपवेदी: निवासमंडपातल्या दोन वेद्यांची गल्लत

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात मोशेला जो निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा हलवता येणारा तंबू, उभारायला सांगितला आहे, त्यात वेद्या दोन आहेत. एक होमवेदी, अंगणात, उघड्या आकाशाखाली. दुसरी धूपवेदी, तंबूच्या आत, सर्वांत आतली खोली झाकणाऱ्या अंतरपटापुढे. दोन्ही बाभळीच्या लाकडाच्या आणि चौरस. दोन्हींच्या चारही कोपऱ्यांना शिंगे, आणि मुक्काम हलवताना उचलून नेण्यासाठी कड्या व दांडे. पुढे लेवीय हे पुस्तक वाचायला घेतले की मजकुरात बरेचदा नुसते ‘वेदी’ येते आणि वाचणारा आपल्या डोळ्यांसमोरची एकच वेदी सगळीकडे बसवून टाकतो. शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या बायबलवर्गाच्या, तक्त्यावर मग ‘वेदी म्हणजे क्रूस’ असा बाण काढला जातो. हा बाण एका वेदीपुरता बराचसा बरोबर आहे. दुसरीवर मांस ठेवायलाच मनाई होती, तिचे काय करायचे?

आधी दोघींची मोजमापे पाहू. अंगण शंभर हात लांब, पन्नास हात रुंद, फाटक पूर्वेला. फाटकातून आत येणाऱ्याला पहिली दिसे ती होमवेदी: पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर सव्वादोन मीटरचा चौरस होतो. ती पितळेने मढवलेली, आतून पोकळ, मध्ये पितळेची जाळी. लाकडाची पोकळ पेटी रोजच्या जाळात टिकेल कशी, हा प्रश्न जुना आहे. निर्गम २० मध्ये वेदी मातीची किंवा न घडवलेल्या दगडांची करावी असे सांगितले आहे, म्हणून प्रत्येक मुक्कामी ही पोकळी माती-दगडांनी भरत असावेत, असे परंपरा मानते. मलाही ते पटते.

धूपवेदी तिच्या मानाने अगदीच लहान. एक हात लांब, एक हात रुंद, दोन हात उंच, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढ्या उंचीची. ती शुद्ध सोन्याने मढवलेली आणि वर सोन्याचाच कंगोरा. तिच्यावर मोशेचा भाऊ, महायाजक अहरोन याने रोज सकाळी दिवे नीट करताना आणि संध्याकाळी दिवे लावताना धूप जाळायचा. होमबली नको, अन्नबली नको, पेयार्पण नको, दुसरा कसला धूपही नको, असे निर्गम ३० बजावते. धूपाची कृतीही ठरलेली. तीन सुगंधी द्रव्ये आणि शुद्ध ऊद समभाग घेऊन त्यात मीठ घालायचे. तोच धूप कोणी घरी वास घेण्यासाठी केला, तर त्याला लोकांतून काढून टाकायचे.

मुक्काम हलताना सोन्याच्या वेदीवर निळे वस्त्र घालत आणि पितळेच्या वेदीवर, राख काढल्यावर, जांभळे. गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातला हा तपशील कोणी फारसा सांगत नाही.

धूपवेदीबद्दल एक विचित्र गोष्ट आहे. निर्गम २५ ते २७ मध्ये कोश (कराराची पेटी), मेज, दीपवृक्ष, तंबू, होमवेदी, अंगण असे सगळे क्रमाने सांगून होते, पण हिचा पत्ता नाही. याजकांची वस्त्रे आणि त्यांचे समर्पण झाल्यावर थेट तिसाव्या अध्यायात ती येते. एकोणिसाव्या शतकातले जर्मन अभ्यासक युलिउस वेलहाउझेन यांनी यावरून निष्कर्ष काढला की धूपवेदी मागाहून घुसवलेली आहे. उत्खननांनी मात्र हे प्रकरण इतके सोपे राहू दिले नाही. दक्षिण इस्राएलमधल्या तेल अराद इथे यहूदाच्या राजांच्या काळातले एक मंदिर सापडले. त्याच्या अंगणात माती आणि न घडवलेल्या दगडांची मोठी वेदी होती आणि गाभाऱ्याच्या दाराशी चुनखडीच्या दोन लहान धूपवेद्या. म्हणजे बाहेर बळीची मोठी, आत धूपाची लहान, ही मांडणी प्रत्यक्षात होती. २०२० मध्ये त्या लहान वेद्यांवरच्या काजळीचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झाले. एकीवर ऊद निघाला, दुसरीवर गांजा. निर्गमातल्या ‘दुसरा कसलाही धूप नको’ या ताकिदीकडे त्यानंतर मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

शिंगांचा पुरावाही हाती आहे. तेल बीरशेबा इथे १९७३ मध्ये योहानान अहारोनी यांच्या चमूला एका मोठ्या वेदीचे घडीव दगड कोठाराच्या भिंतीत बसवलेले सापडले. कोपऱ्यांच्या दगडांना वर निघालेली शिंगे तशीच होती. दाविदाचा मुलगा अदोनीया आणि सेनापती यवाब जीव वाचवायला पळाले आणि वेदीची शिंगे धरून राहिले, ती अशी होमवेदीची. धूपवेदीपर्यंत पळून जाण्याची सोयच नव्हती, कारण तिथे याजकाखेरीज कोणाला प्रवेश नाही. उज्जीया राजा हट्टाने धूप जाळायला आत गेला तेव्हा ऐंशी याजक त्याला अडवायला धावले आणि त्याच्या कपाळावर कोड उठले, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे.

आता ख्रिस्ती अर्थ. सर्वांत जास्त ऐकू येणारे स्पष्टीकरण धातूंवरून केलेले असते: बाभूळ म्हणजे येशूचे मनुष्यपण, सोने म्हणजे देवपण, पितळ म्हणजे न्याय. पितळ म्हणजे न्याय हे निवासमंडपाच्या वर्णनात कुठेच म्हटलेले नाही. उलट यादी नीट पाहिली तर धातू अंतर सांगतात. अंगणात पितळ, परमपवित्रस्थानाकडे, म्हणजे पडद्याआडच्या सर्वांत आतल्या खोलीकडे, जावे तसे सोने. आणि सीनायच्या रानात सुतारकामाजोगे झाड म्हणजे बाभूळच. प्रत्येक कडीला आणि खुंटीला अर्थ लावत बसण्यापेक्षा नवा करार स्वतः कुठे थांबून बोलतो ते पाहावे. तिथे पाया पक्का आहे.

धूपाबाबत तो बोलतो. ‘माझी प्रार्थना तुझ्यासमोर धूपासारखी असो’ हा आशय स्तोत्र १४१ मध्ये आधीपासूनच आहे. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या नावाचा याजक धूप जाळायला आत जातो, बाहेर लोकसमुदाय प्रार्थना करत असतो आणि देवदूत धूपवेदीच्या उजव्या बाजूला उभा राहतो. प्रकटीकरण ८ मध्ये देवदूत सिंहासनापुढच्या सोन्याच्या वेदीवर पवित्र जनांच्या प्रार्थनांबरोबर धूप अर्पण करतो. म्हणून ख्रिस्ती वाचनात होमवेदी म्हणजे ख्रिस्ताचे मरण आणि धूपवेदी म्हणजे त्याची मध्यस्थी, देवापुढे माणसांसाठी केलेली विनवणी, अशी वाटणी झाली. मला ती योग्य वाटते. वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक पडद्याआड धूप नेई तेव्हा निखारे परमेश्वरासमोरच्या वेदीवरून घेई. परंपरेनुसार ते निखारे बाहेरच्या वेदीवरचे. तसे असेल तर आतल्या सुगंधाला बाहेरच्या बळीचा विस्तव लागत होता.

पण दोन्हींच्या काळाचे गणित बहुतेक तक्त्यांत निसटते. निवासमंडपात दोन्ही कामे रोजची, दिवसातून दोनदा. बाहेर सकाळी एक कोकरू, संध्याकाळी एक. आत धूपही सकाळ-संध्याकाळ. बाहेरचा विस्तव तर कधी विझू द्यायचा नाही, असे लेवीय ६ सांगते. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात हा जोड तुटतो. याजक रोज उभा राहून तेच यज्ञ पुन्हा पुन्हा करतो, आणि ख्रिस्त मात्र एकच यज्ञ करून बसला, असे दहावा अध्याय म्हणतो. निवासमंडपाच्या सामानात याजकाला बसायला काहीच नव्हते. दयासन, म्हणजे कोशावरचे सोन्याचे झाकण, होते, पण ते त्याच्यासाठी नव्हते. मध्यस्थीबद्दल मात्र तेच पत्र सातव्या अध्यायात उलट सांगते: ती करायला ख्रिस्त सर्वदा जिवंत आहे. बाहेरच्या वेदीचे काम एकदाच झाले आणि थांबले, आतल्या वेदीचे चालूच आहे. दोन वेद्या एक मानल्या की हा फरकच पुसला जातो, आणि क्रूसही रोज नव्याने घडायला हवा असे वाटू लागते, किंवा मध्यस्थीही क्रूसाबरोबर संपली असे.

आता लेवीय ४, माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा अध्याय. पाप कोणी केले यावर रक्त कोणत्या वेदीला लावायचे ते ठरते. सामान्य माणसाने पाप केले तर बकरी किंवा मेंढी, सरदाराने केले तर बकरा, आणि रक्त होमवेदीच्या शिंगांना. अभिषिक्त याजकाने किंवा सगळ्या मंडळीने पाप केले तर गोऱ्हा, आणि त्याचे रक्त तंबूच्या आत नेऊन अंतरपटासमोर सात वेळा शिंपडायचे, मग धूपवेदीच्या शिंगांना लावायचे. उरलेले होमवेदीच्या पायथ्याशी ओतायचे. याकोब मिलग्रोम या ज्यू अभ्यासकाने याचा अर्थ असा लावला की पाप हे पवित्रस्थानाला लागणारे प्रदूषण आहे, आणि पाप जितके भारी तितके ते आत शिरते. एका माणसाचे पाप अंगणात थांबते, अख्ख्या समाजाचे सोन्याच्या वेदीपर्यंत पोचते.

जिथे रक्त आत गेले त्या जनावराच्या मांसाचाही नियम वेगळा. चरबी होमवेदीवर, पण मांस याजकाने खायचे नाही, कातडे, मांस, आतडी सगळे छावणीबाहेर राखेच्या जागी नेऊन जाळायचे. इब्री १३ नेमका हाच नियम उचलते. ज्या पशूंचे रक्त महायाजक पवित्रस्थानात नेतो त्यांची शरीरे छावणीबाहेर जाळतात, म्हणून येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले. म्हणजे क्रूस कोणती वेदी, या प्रश्नाला त्या पत्राचे उत्तर तक्त्यावरच्या बाणाइतके सरळ नाही. रक्त दोन्ही वेद्यांच्या पलीकडे आत गेले आणि शरीर दोन्हींच्या पलीकडे बाहेर. गुलगुथा, येशूला क्रूसावर दिले ती जागा, अंगणातही नाही आणि तंबूतही नाही.

याच पत्रातल्या नवव्या अध्यायात सोन्याची धूपवेदी दुसऱ्या पडद्याआड, म्हणजे परमपवित्रस्थानात असल्यासारखी सांगितली आहे. निर्गमाशी हे जुळत नाही. रोज दोनदा धूप जाळायचा तर ती वर्षातून एकदाच उघडणाऱ्या खोलीत असून चालणार नाही. पण राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायातही ती गाभाऱ्याची वेदी म्हटली आहे. तिची जागा पडद्याबाहेर आणि तिचे काम पडद्याआतल्या सिंहासनाशी, असे मानले तर दोन्ही मजकूर सांभाळता येतात.

मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखकांनी या जोडीचा आणखी एक अर्थ काढला. सहाव्या शतकाअखेरचे पोप ग्रेगरी आणि त्यांच्यामागून इंग्लंडचा मठवासी बीड यांच्या वाचनात दोन्ही वेद्या माणसाच्या मनातल्या: बाहेरची शिक्षेच्या भीतीने होणाऱ्या पश्चात्तापाची, आतली प्रेमापोटी येणाऱ्या आसवांची. आलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो त्यांच्याही कितीतरी आधी म्हणून गेला होता की सज्जनाने आत वाहिलेला धूपाचा कणही देवाला बाहेरच्या हजारो जनावरांहून मोलाचा.

ज्यू परंपरेला अर्थातच या वेद्या ख्रिस्ताकडे बोट दाखवतात असे मान्य नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि दोन्ही वेद्यांची कामे थांबली. सकाळ आणि दुपारची प्रार्थना रोजच्या दोन बळींच्या जागी आली. अलिबाग, पेण, मुंबई, पुणे इथल्या बेने इस्राएल ज्यूंच्या सिनेगॉगमध्येही म्हणून बळीची वेदी नाही, आणि ज्यू प्रार्थनापुस्तकांत त्या जुन्या धूपाच्या द्रव्यांची यादी आजही वाचायला असते.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथोलिक चर्चमध्ये मात्र वेगळेच घडते, आणि तिथे वाढलेल्या वाचकाची गल्लत मला सहज समजते. सणाच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, धर्मगुरू वेदीभोवती फिरून धूप देतो आणि त्याच वेदीवर ख्रिस्ताच्या यज्ञाची मिस्सा होते. मोशेने दोन जागी ठेवलेली दोन कामे तिथे एकाच वेदीवर आली आहेत. त्या वेदीत हुतात्म्यांचे अवशेष बसवण्याची चालही जुनी आहे. प्रकटीकरण ६ मध्ये मारले गेलेले साक्षीदार वेदीखाली दिसतात, जसे बळीचे रक्त होमवेदीच्या पायथ्याशी ओतले जाई. दोनच अध्यायांनी पुढे येणारी वेदी सोन्याची आणि धूपाची आहे. स्वर्गातली ती वेदी एकच की दोन, यावर टीकाकारांचे एकमत नाही.